घाटाखालची जुनी पिकप : घरच्या घरी दुरुस्ती करताना



गळिताचा हंगाम संपला आणि शेतातली गडबड जरा कमी झाली की आमच्या वाहन विभागाकडे एक विचारणा हमखास येते. "घाटाखाली महाडला एक जुनी जीप-पिकप स्वस्तात मिळतेय, घेऊ का?" किंवा, "पोलादपूरहून आणलेली गाडी दोन पावसाळे गोठ्याशेजारी उभी आहे, आता चालू करायचीय, काय काय करावं लागेल?" प्रत्येकाला तोंडी उत्तर देत बसण्यापेक्षा सर्वांसाठी एकदा सविस्तर लिहावे असे ठरविले. त्यातून हा लेख.

जुनी गाडी उभी करणे हा हौसेचा भाग आहे तसा गरजेचाही. उसाचे बेणे, खताची पोती, दुधाचे कॅन, पंपाची मोटर एवढ्यासाठी नवी पिकप कर्ज काढून घेणे प्रत्येकाला परवडत नाही. आणि जुन्या गाडीचे एक मोठे सुख असे की, बॉनेट उघडले की आत काय आहे ते डोळ्यांना दिसते. संगणक लावल्याशिवाय दोष कळत नाही असा प्रकार नाही. पण याच गाडीने घाट उतरायचा असतो. म्हणून यात पैशाचा हिशेब आहे तसा जिवाचाही आहे, हे पहिल्यांदाच सांगून ठेवतो.

या गाड्या आल्या कुठून

आपल्याकडच्या जुन्या गाड्यांची मुख्य घराणी तीन-चारच. पहिले घराणे जीपचे. दुसऱ्या महायुद्धात गाजलेली विलीज जीप १९४७ नंतर महिंद्र कंपनीने मुंबईत जोडणी करून विकायला सुरुवात केली. पुढे सीजे-३बी हे उंच बॉनेटचे मॉडेल आले आणि अमेरिकेत ते १९६८ साली बंद झाले तरी आपल्याकडे कितीतरी वर्षे बनत राहिले. त्याचे बॉनेट उंच का, तर आतले हरिकेन इंजिन उंच आहे. त्यात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात. याच घराण्यातली चपट्या नाकाची फॉरवर्ड कंट्रोल पिकप, जिच्यात ड्रायव्हर जवळजवळ इंजिनावरच बसतो. नंतरच्या बऱ्याच जीपगाड्यांत २११२ सी.सी.चे प्यूजो डिझेल इंजिन आले.

दुसरे घराणे बजाज टेम्पोचे. जर्मनीच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने १९५८ साली ही कंपनी सुरू झाली. तिच्या तीनचाकी हॅन्सीटने तर मालवाहू छोट्या गाडीला "टेम्पो" हे नावच देऊन टाकले. आज गाडी कोणत्याही कंपनीची असो, आपण म्हणतो "टेम्पो केला". मग १९६९ पासून मॅटाडोर. तिसरे घराणे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या डॉज-फार्गो गाड्यांचे. त्या आता क्वचितच दिसतात. आणि चौथे टाटांचे : १९८६ ची ४०७ आणि १९८८ ची टाटा मोबाइल.

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत या गाड्या जास्त दिवस टिकून राहिल्या, त्याला कारण तिथला मुलूख. मुंबई-गोवा महामार्ग सोडला की वाड्या डोंगराच्या कुशीत, रस्ता अरुंद, चढ उभा, पावसाळ्यात चिखल. तिथे चारही चाकांना ताकद देणारी जीप जे काम करते ते दुसरी गाडी करीत नाही. आपल्या घाटमाथ्याचा आणि त्या भागाचा संबंधही जुना आहे. भोरकडून वरंधा घाटाने महाड, महाबळेश्वराकडून आंबेनळी घाटाने पोलादपूर. माल उतरतो, गाड्या चढतात.

घेण्यापूर्वीची पाहणी

घाटाखालची गाडी पाहताना दोन गोष्टींवर विशेष लक्ष ठेवावे : गंज आणि पूर.

त्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चार महिने गाडी ओलीच असते. वरचा पत्रा विकणारा नवा करून दाखवील, रंग मारील. पण चेसीस खोटे बोलत नाही. गाडीखाली जाऊन चेसीसवर छोट्या हातोडीने टक टक करीत जावे. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा बद्द येतो. शंका वाटेल तिथे स्क्रू-ड्रायव्हर दाबून पाहावा. पाट्यांचे ब्रॅकेट, स्टिअरिंग बॉक्स जिथे चेसीसला बसतो ती जागा, आणि मागचा आडवा मेंबर या तीन ठिकाणी टोचणी आत गेली तर ती गाडी फुकट मिळाली तरी महाग पडते असे समजावे. पत्रा बदलता येतो. कुजलेल्या चेसीसला पट्ट्या जोडून केलेले काम घाटात भरवशाचे नाही.

दुसरी गोष्ट पुराची. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी नद्यांच्या पुराने महाड शहर पाण्याखाली गेले. त्याच दिवशी तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली. त्या पुरात माणसांचे जे नुकसान झाले त्यापुढे गाड्यांचे काय घेऊन बसायचे. पण असंख्य वाहने बुडाली हेही खरे, आणि बुडालेली गाडी धुऊन-पुसून पुढे केव्हा ना केव्हा बाजारात येतेच. ती ओळखायची कशी? गाद्या काढून खालच्या स्प्रिंगा पाहाव्यात. हेडलाइटच्या आत, डॅशबोर्डच्या मागे, दाराच्या पोकळीत बारीक पिवळट गाळ बसलेला दिसतो. वायरिंगची पट्टी थोडी सोडून तांबे पाहावे. पुरातले तांबे काळे-हिरवे पडलेले असते. ब्रेकच्या ड्रममध्ये गाळाचा थर असतो. बुडालेली गाडी घेऊच नये असे आमचे म्हणणे नाही. जुन्या साध्या इंजिनाच्या गाडीला पुरातून वर काढता येते. पण ती बुडालेली आहे हे कळून आणि त्या भावाने घ्यावी.

कागद आधी, पाना नंतर

गाडी पाहून भुलू नये. आधी आर. सी. बुक मागावे आणि इंजिन व चेसीसचा नंबर गाडीवरच्या ठोकलेल्या नंबराशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले, त्यामुळे त्यापूर्वीच्या कागदावर कुलाबा दिसेल. आणि १९८९ पूर्वीचे नंबर आजच्या एम. एच. पद्धतीचे नसतात. त्याने बिचकायचे कारण नाही. आज महाड-पोलादपूरच्या गाड्यांची नोंद पेणच्या परिवहन कार्यालयात, एम. एच. ०६ या क्रमांकाने होते. तिथली माहिती ऑनलाइनही पाहता येते. इंजिन बदललेले असेल तर त्याची नोंद झाली आहे का पाहावे. नोंदीशिवाय बदललेले इंजिन म्हणजे पुढे डोक्याला ताप.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. "गाडी पन्नास वर्षांची झाली की व्हिंटेज होते, मग पासिंगची कटकट नाही," असे काही सभासद बोलतात. तसे नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम केले. नोंदणीला पन्नास वर्षे पूर्ण झालेली दुचाकी आणि चारचाकी प्रवासी गाडी, तीही मूळ रूपात राखलेली, त्यात बसते. तिला "व्ही. ए." अक्षरांचा नंबर मिळतो, पहिल्या नोंदणीची फी २० हजार रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षांची असते. परंतु अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालविता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामापुरतीच रस्त्यावर आणायची. आणि मालवाहू पिकप तर या व्याख्येतच येत नाही. तेव्हा बेणे वाहायला घेतलेली पिकप व्हिंटेज म्हणून सुटेल ही आशा सोडावी.

मालवाहू गाडी घरच्या शेतीसाठी वापरली तरी तिला फिटनेसचा दाखला लागतो. नव्या गाडीला तो दोन वर्षांचा असतो. आठ वर्षांनंतर दरवर्षी घ्यावा लागतो. तीन हजार किलोपर्यंतच्या एकूण वजनाच्या मालगाडीला परमिटची सूट आहे, पण फिटनेसची नाही. फिटनेस नसेल तर कायद्याच्या दृष्टीने गाडीची नोंदणीच वैध राहत नाही, आणि मग अपघात झाल्यावर विमा कंपनीशी भांडण ठरलेले. पर्यावरण कर आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही सक्तीची झालेली उच्च सुरक्षा नंबरप्लेट हा खर्चही धरून चालावे.

गाडी पंधरा वर्षांची झाली की ती आपोआप भंगारात काढावी लागते हेही आपल्याकडे खरे नाही. ती चाचणीत पास झाली पाहिजे, एवढेच. नापासच होत राहिली तर मात्र अधिकृत भंगार केंद्रावर देऊन दाखला घ्यावा. त्या दाखल्यावर नव्या गाडीच्या करात सवलत देण्याची तरतूद आहे. गल्लीतल्या भंगारवाल्याला दिली तर नोंद आपल्याच नावावर राहते, आणि तिच्या सांगाड्याचा पुढे कोणी काय उपयोग केला याचे उत्तर आपल्याला द्यावे लागते.

पहिले काम ब्रेकचे

गाडी घरी आली की बहुतेकांचा हात पहिल्यांदा इंजिनाला लागतो. सेल्फ मारला, धूर काढला, इंजिन लागलं, की सगळे खूष. आमचा आग्रह उलटा आहे. न चालणारी गाडी कोणाला इजा करीत नाही. न थांबणारी करते. म्हणून क्रम असा ठेवावा : ब्रेक, स्टिअरिंग, चाके-टायर, मग इंजिन, मग वायरिंग, आणि सर्वांत शेवटी रंग.

घाटात ब्रेकवर काय बेतते त्याचा एक साधा हिशेब देतो. महाबळेश्वर ते पोलादपूर ही उतरण सुमारे चाळीस किलोमीटरांत तेराशे मीटर आहे. माल धरून दोन टनांची पिकप तेवढी खाली आली, तर उताराने जी शक्ती तयार होते ती कुठे तरी जिरली पाहिजे. ती सगळी ब्रेकमध्येच जिरविली तर होणाऱ्या उष्णतेवर साधारण ८० लिटर पाण्याला उकळी फुटेल! एवढी उष्णता चार ड्रम आणि आठ लायनर यांनी सोसायची. लायनर तापले की त्यांची पकड सुटते. पेडल कडक लागते पण गाडी थांबत नाही. आणि उष्णता पुढे ऑइलला पोचली की ऑइल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट तळाला जाते. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. जुन्या ड्रायव्हरांचे हे सांगणे शंभर टक्के शास्त्रीय आहे. इंजिनाने गाडी धरली की ब्रेकवरचा भार निम्म्याहून खाली येतो. न्यूट्रल करून डिझेल वाचविणारा माणूस दहा रुपये वाचवितो आणि गाडी पणाला लावतो.

ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते. कोरडे असताना डॉट-३ ऑइल २०५ अंशांना उकळते. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की तेच १४० अंशांना उकळू लागते. डॉट-४ चे हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. कोकणच्या दमट हवेत उभ्या राहिलेल्या गाडीचे ऑइल म्हणजे अर्धे पाणी पिलेले समजावे. तेव्हा :

१. जुने ब्रेक ऑइल पूर्ण काढून टाकावे. मास्टर सिलेंडर आणि चारही व्हील सिलेंडर उघडून आतला बोअर पाहावा. बोटाला खड्डे लागत असतील तर नुसते रबर किट घालून भागत नाही, सिलेंडरच बदलावा.

२. ब्रेकमध्ये इंजिन ऑइल, रॉकेल किंवा डिझेल थेंबभरही जाता कामा नये. रबर फुगते आणि ब्रेक जाम होतात किंवा निसटतात. धुवायला स्पिरिट किंवा नवे ब्रेक ऑइलच वापरावे.

३. लोखंडी पाइप जिथे चेसीसला क्लिपने धरलेला असतो तिथे आतून कुजतो. एकही पाइप गंजलेला दिसला तर सगळे बदलावेत. जुन्या गाड्यांना बहुधा एकच ब्रेक-लाइन असते. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात.

४. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते. ड्रममधली धूळ हवेच्या पाइपाने उडवू नये, ती फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बांधून टाकावे.

५. हॅन्डब्रेक हा दुसरा ब्रेक आहे, शोभेचा दांडा नव्हे. भरलेली गाडी चढावर धरते का ते पाहिल्याशिवाय घराबाहेर काढू नये.

स्टिअरिंगला किंगपिन, टायरॉडचे जॉइंट आणि बॉक्सची झीज पाहावी. पुढचे चाक घोडीवर उचलून वर-खाली आणि आडवे हलविले की ढिलाई हाताला कळते. मॅटाडोर पुढच्या चाकांवर चालते, तेव्हा तिचे पुढचे जॉइंट आणि त्यांवरची रबरी टोपी विशेष पाहावी. मागे जादा माल भरला की पुढची चाके हलकी होतात आणि ओल्या चढावर जागच्या जागी फिरतात, हेही मॅटाडोरवाल्यांनी ध्यानात ठेवावे. टायरची नक्षी शाबूत असली तरी बाजूला तडे गेले असतील तर टायर म्हातारा झाला. त्याला घाट दाखवू नये.

बंद पडलेले इंजिन जागे करताना

दोन वर्षे उभ्या असलेल्या किंवा पुरात बुडालेल्या गाडीला सेल्फ मारायचा नाही, धक्काही द्यायचा नाही. सिलेंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही. कनेक्टिंग रॉडच वाकतो. प्रथम बॅटरी सोडावी. पेट्रोलचे इंजिन असेल तर प्लग, डिझेलचे असेल तर हीटर प्लग किंवा नोझल काढावेत. इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल तिन्हीचे ऑइल खाली सोडावे. चहासारखे दुधाळ दिसले तर त्यात पाणी गेले आहे असे समजावे. सिलेंडरमध्ये थोडे पातळ ऑइल सोडून एक रात्र राहू द्यावे आणि दुसऱ्या दिवशी हॅन्डलने किंवा पान्याने हाताने फिरवावे. फिरले नाही तर जबरदस्ती करू नये. आणखी ऑइल, आणखी एक रात्र.

फिरू लागले की स्वस्त ऑइल भरून इंजिन थोडा वेळ चालवावे, ते सोडून द्यावे आणि मग चांगले ऑइल व नवा फिल्टर घालावा. पुरातल्या गाडीचे चारही हब उघडून ग्रीस बदलायचे, सेल्फ आणि डायनामो उघडून वाळवायचे, टाकी उतरवून धुवायची. हे टाळलेत तर गाडी महिनाभर चालते आणि मग एकेक जागा बोलायला लागते.

हरिकेन पेट्रोल इंजिनाची मापे सांगून ठेवतो : फायरिंग ऑर्डर १-३-४-२, पॉइंटची फट २० थाऊ, प्लगची फट ३० थाऊ. पन्नास-शंभर रुपयांचा फीलर गेज घरात असला की निम्मी तक्रार घरीच मिटते. कॉम्प्रेशन कमी वाटले तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. कॉम्प्रेशन वाढले तर रिंगा झिजल्यात, तसेच राहिले तर व्हॉल्व्ह. एवढे कळले की मिस्त्री सरसकट "फुल इंजिन काम" सांगू लागला तर आपल्याला दोन प्रश्न विचारता येतात.

डिझेल गाडी लागत नसेल तर दहापैकी आठ वेळा एकतर हीटर प्लग गेलेले असतात नाहीतर लाइनने एअर धरलेली असते. फिल्टरपासून पंपापर्यंत एकेक जोड ढिला करून हातपंपाने बुडबुडे काढावेत. पंप आणि नोझल मात्र घरी उघडायचे नाहीत. तिथली मापे केसापेक्षा बारीक असतात, ते कॅलिब्रेशनवाल्याचेच काम.

आपलाच ऊस, आपलेच इथेनॉल

आता एक मुद्दा असा की ज्याचा आपल्याशी दुहेरी संबंध आहे. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि त्यातले बरेचसे साखर कारखान्यांच्या मळीपासून व रसापासून आलेले असते. त्या इथेनॉलच्या पैशाने उसाच्या बिलाला हातभार लागतो, म्हणून आपण त्याचे स्वागतच करतो. पण पन्नास वर्षांपूर्वीची गाडी बनविणाऱ्याने हे पेट्रोल डोळ्यांसमोर ठेवलेले नव्हते, हेही सभासदांना सांगितले पाहिजे.

इथेनॉल जुन्या रबराला मऊ करते. पेट्रोल पंपाचा पडदा, नळ्या आणि कार्बोरेटरचे वॉशर चिघळतात. ते टाकीत साचलेली जुनी घाण सोडविते आणि फिल्टर तुंबतो. ते पाणी ओढून घेते. पाणी जास्त झाले की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसते आणि तळ गंजतो. लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश कमी उष्णता असते, त्यामुळे अशा मिश्रणावर गाडी थोडे कमी अंतर देते आणि जुना कार्बोरेटर तसाच ठेवला तर मिश्रण पातळ होऊन इंजिन तापते.

उपाय अवघड नाहीत. इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या आणि नवे पंप किट घालावे. टाकीच्या पुढे पारदर्शक फिल्टर बसवावा, पहिल्या दोन-तीन टाक्यांना तो बदलत राहावा. कार्बोरेटरचा जेट जाणत्या माणसाकडून किंचित मोठा करून घ्यावा. आणि पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवावी.

गंज, रंग आणि हौदा

गंजावर सरळ रंग मारणे म्हणजे जखमेवर न धुता पट्टी बांधणे. आधी तारेच्या ब्रशने सुटा गंज काढायचा. मग फॉस्फोरिक आम्लाचे गंजनाशक लावायचे. ते उरलेल्या गंजाचे काळपट, घट्ट थरात रूपांतर करते. ते धुऊन, वाळवून त्याच दिवशी रेडऑक्साइड, मग वरचा रंग. लांबी भरायची ती प्रायमरवर, उघड्या लोखंडावर नव्हे. हे सगळे कोरड्या हवेत करावे. मृगाच्या तोंडावर रंगाला हात घालू नये.

चेसीसला बाहेरून काळा बिटुमेनचा थर द्यावा, पण चेसीसच्या पोकळीतली पाणी वाहून जायची भोके बुजवू नयेत. जळके ऑइल चेसीसला फासायची आपल्याकडे पद्धत आहे. ते ठिबकून विहिरीच्या पाण्यात आणि शेतात जाते, रबराचे बुश खाते, आणि धुळीचा गारा धरून ठेवते. त्याऐवजी नवे ग्रीस थोडे पातळ करून लावलेले बरे. काढलेले ऑइल डब्यात साठवून जुने ऑइल घेणाऱ्याला द्यावे, बांधावर ओतू नये.

जुन्या पिकपचा हौदा लाकडी असेल तर तो काढून पत्र्याचा करण्याची घाई नको. साग, ऐन, किंजळ यांच्या फळ्या कोकणात चांगल्या मिळतात आणि एखादी कुजली तर तेवढीच बदलता येते. फळ्यांमध्ये बोटाच्या पेराएवढी नव्हे, पण पाणी निघेल इतकी फट ठेवावी. फाळक्याच्या बिजागऱ्या आणि साखळ्या मजबूत हव्यात. हौद्यात माणसे बसवायची नाहीत. लग्नाचं वऱ्हाड असो की तोडणीचे मजूर, मालाच्या गाडीत माल.

घरी काय, मिस्त्रीकडे काय

सफाई, ऑइल-ग्रीस, फिल्टर, प्लग-पॉइंट, हब, लायनर बदलणे, वायरिंगचे जोड, गंज आणि रंग, हौदा ही कामे नेटका माणूस घरी करू शकतो. क्रँक आणि बोअरचे माप, नोझल-पंप, चेसीसचे वेल्डिंग, डिफरन्शियलची सेटिंग, ड्रमचे टर्निंग ही कामे कारागिराचीच. ब्रेकचे काम घरी केले तरी बाहेर काढण्यापूर्वी जाणत्या मिस्त्रीला एकदा दाखवावे. त्यात कमीपणा नाही.

काम करताना नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. लोखंडी घोडी लावावी. विटा किंवा दगड लावू नयेत, वीट अचानक फुटते. बंद खोपटात इंजिन चालू ठेवू नये, धुरातला विषारी वायू वास न देता माणूस आडवा करतो. आणि प्रत्येक भाग काढताना मोबाइलवर फोटो घ्यावा, नट-बोल्ट डबीत घालून डबीवर नाव लिहावे. सहा महिन्यांनी जोडताना याचे मोल कळते.

शेवटी हिशेब

गाडी घेण्यापूर्वी एका कागदावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात गाडीची किंमत. दुसऱ्यात रस्त्यावर आणण्याचा खर्च : ब्रेक, टायर, बॅटरी, पासिंग, विमा, कर. तिसऱ्यात पहिल्या वर्षात निघू शकणारे मोठे काम : इंजिन किंवा गिअरबॉक्स. या तिघांची बेरीज चालू स्थितीतल्या पाच-सात वर्षे जुन्या पिकपच्या किमतीच्या वर जात असेल, तर हौस असेल तरच घ्यावी. धंद्यासाठी घेऊ नये. बेरीज खाली राहत असेल आणि चेसीस खणखणीत असेल, तर घरातल्या तरुण मुलाला हाताशी घेऊन जरूर करावे. पाना धरायला शिकलेला मुलगा उद्या इंजिन-पंप आणि ट्रॅक्टरही सांभाळील.

आणि हिशेब कसाही निघाला तरी एक रकाना काटकसरीबाहेर ठेवावा, तो ब्रेकचा. आंबेनळीच्या किंवा वरंध्याच्या वळणावर गाडी नवी की जुनी हे घाट विचारीत नाही. थांबते की नाही एवढेच विचारतो. ज्या सभासदांकडे अशा गाड्या आहेत त्यांनी नवा हंगाम सुरू होण्यापूर्वी, पाऊस उघडला की, वरील क्रमाने एकदा तपासणी करून घ्यावी ही विनंती.